उतार पडला का?

काल पेपरात आलं, पारा उतरला. निफाडकडे गवतावरचं दव गोठलं म्हणे. चहाचं आधण ठेवून मी ती बातमी दोनदा वाचली आणि पेपर घडी घालून डब्यांच्या मागे सरकवला. तो सुधाकरांच्या हाती पडू नये, एवढंच त्या घटकेला सुचलं. बातमी लपवून थंडी थोडीच लपते? ते शाल गुंडाळून गॅलरीत बसलेच होते. खालून सायकलवाले गेले, मागचे लाल दिवे लुकलुकवत, मोठमोठ्याने बोलत. थंडीत माणसं उगीचच मोठ्याने बोलतात. त्यांच्यातल्या कुणीतरी सवयीने वर बघून घंटी वाजवली. सुधाकरांनी हात केला नाही.

सुधाकर म्हणजे आमचे 'हे'. घरात मी अहो म्हणते, चारचौघांत 'हे' म्हणते. पण लिहिताना 'हे हे' करत बसले तर वाचणाऱ्याला कळायचं नाही की नवरा कोणता आणि खुर्ची कोणती. म्हणून इथे सरळ नाव घेते. लग्नानंतर उखाण्याशिवाय पहिल्यांदाच घेते आहे.

उतरणे हे क्रियापद आमच्या घरात मागच्या थंडीत पाहुण्यासारखं आलं आणि बिऱ्हाड थाटून बसलं. साखर उतरली. वजन उतरलं. पोट उतरलं, पँटी ढिल्या झाल्या. आजारपणाच्या गोष्टीत हा शब्द नेहमी गोडच असतो. ताप उतरला की आपण देवापुढे साखर ठेवतो. दुखणं कमी झालं की 'उतार पडला' म्हणतो. सायकलवर तर उतारासारखं सुख नाही. पाय थांबवायचे, वारा कानात भरून घ्यायचा. उतरतंय ते सगळं चांगलंच, असं मी धरून चालले. मी शाळेत गणित शिकवते. मुलांना वर्षानुवर्षं सांगत आले की माणसं खोटं बोलतात, आकडा बोलत नाही. हे वाक्य मी आता वर्गात म्हणत नाही.

सायकली आल्या त्या साखरेमुळे. सुधाकर सिन्नरच्या एका कारखान्यात तपासनीस आहेत. सुटा भाग मापात बसतो की नाही, केसाएवढा फरकही त्यांच्या बोटांना कळतो. कारखान्याच्या वार्षिक तपासणीत त्यांची स्वतःची मापं चुकली. साखर वर, वजन वर. माझी वेगळीच तऱ्हा चालली होती. पाळी जाण्याचे दिवस, भर थंडीत अंगातून वाफ निघायची. पहाटे पाचला पांघरूण फेकून खिडकी उघडायची आणि शेजारी सुधाकर कुडकुडत म्हणायचे, "शैला, माणूस आहेस की बंब?" एक दिवस तेच म्हणाले, एवढी थंडी हवीय तर चल बाहेरच जाऊ. अशा दोन सायकली घरात आल्या.

कॉलनीतली सातआठ माणसं आधीपासून जायची. सगळी पन्नाशी ओलांडलेली. त्या ताफ्याला धष्टपुष्ट म्हणायचं तर डोळे मिटूनच म्हणायला हवं. कुणाच्या गुडघ्याला पट्टा, कुणाच्या कमरेला. हँडल धरून धरून एकाच्या दोन बोटांना मुंग्या यायच्या, तो चहाचा ग्लास दोन्ही हातांनी धरायचा. एकाला दर पाच किलोमीटरला झुडूप लागायचं. आम्ही दोघी बायका तेवढा वेळ समोरच्या द्राक्षबागेचं निरीक्षण करायचो. गादीच्या विजारी घातल्या तरी बसायची जागा सोलवटायचीच, आणि त्यावर खोबरेल चांगलं की तूप, यावर मोठी माणसं गंभीरपणे चर्चा करत. मला हे सारं फार आवडायचं. घरी ज्या दुखण्यांबद्दल तोंड उघडायची चोरी, ती इथे धडधडीत बोलता यायची.

आमच्यातले वडीलधारे शकीलभाई. नाशिकच्या द्वारका चौकाजवळ त्यांचं हार्डवेअरचं दुकान आहे, गुडघे दोन्ही गेलेले, पण उत्साह असा की सगळ्यांच्या पुढे आणि सगळ्यांत जास्त बोलत. दिंडोरी रस्त्याला चहाच्या टपरीवर लाल प्लास्टिकची एकुलती एक खुर्ची होती, एक हात तुटलेली. बाकीचे बाकड्यावर नाहीतर दगडावर. खुर्चीवरून रोज ओढाताण. तेव्हा मी एक नियम काढला. होय, मीच काढला. ज्याचे सकाळचे ठोके सगळ्यांत कमी, त्याची खुर्ची. उठल्यावर अंथरुणातच मनगटावर बोटं ठेवायची, एक मिनिट मोजायचे आणि टपरीवर खरं सांगायचं. कुणीतरी वाचलेलं होतं की सराव वाढला, हृदय दणकट झालं की ठोके कमी होतात. खेळाडूंचे पन्नासच असतात म्हणे.

बहात्तर, सत्तर, अडुसष्ट. आमच्या चहाआधी हा परवचा व्हायचा. टपरीवाला गाळणं हातात धरून ऐकायचा. एकदा त्याने स्वतःचे मोजून घेतले, शहाऐंशी आले, तर बिचारा दिवसभर हिरमुसला होता.

सुधाकरांचे मी मोजायची. त्यांना झोपेतून उठवायचं नाही, हळूच मनगट धरायचं, भिंतीवरच्या घड्याळाचा काटा बघायचा. मग स्वयंपाकघरात जाऊन कॅलेंडरच्या त्या दिवसाच्या चौकटीत पेन्सिलने आकडा लिहायचा. दोऱ्याने टांगलेली पेन्सिल खास त्यासाठी. दिवाळीनंतर चौसष्ट होते. मग साठ, छप्पन्न, बावन्न. मार्गशीर्षातल्या गुरुवारी अठ्ठेचाळीस आले तेव्हा मी शिरा केला. साखरेच्या माणसाला शिरा! त्यांनी दोन चमचे खाल्ला.

खुर्ची तेव्हापासून त्यांचीच. शकीलभाई उभे राहून सलाम करायचे. "भाभी, कासव बघा, कासव. श्वास हळू, ठोके हळू, दोनशे वर्षं जगतंय. आपला सुधाकर कासव हाय, आपण सगळे ससे. ऊपरवाल्याने ठोके मोजून दिलेत, हा गडी जपून वापरतोय." सगळे हसायचे. सुधाकर त्या तुटक्या खुर्चीत पाय पसरून बसायचे आणि बागांमधून येणारा धूर बघत राहायचे. गारठा फार वाढला की द्राक्षाचे मणी तडकतात, म्हणून पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात. तो धूर त्या दिवसांत रस्त्यावर गुडघाभर उंचीने पसरलेला असतो. त्याचा वास माझ्या जाकिटातून अजून गेलेला नाही. दोनदा धुतलं मी ते.

आता आठवतं ते वेगळंच. न्हाणीघरातून येताना त्यांनी दाराची चौकट धरली होती. किती वेळ? मी पोळी उलटत होते. "काय झालं हो?" विचारलं तर म्हणाले, "काही नाही गं, झोप झाली नाही नीट." चढावर ते मागे पडू लागले होते. जे आधी माझ्यासाठी थांबायचे, त्यांच्यासाठी मी थांबू लागले, आणि देवा, मला त्याचा थोडा आनंद व्हायचा. शकीलभाई म्हणाले, खजूर खा. मी खजूर दिले. कुणी म्हणालं, मीठ-लिंबू. तेही दिलं. सराव कमी पडतोय, असं सगळ्यांचं मत पडलं. म्हणून आठवड्याच्या मधल्या दिवसांतही आम्ही जायला लागलो. दमलेल्या माणसाला मी पहाटे पाचला उठवत होते.

माझी नणंद वणीला असते. तिच्याकडे सायकलवर जायचं, जेवायचं आणि दुसऱ्या दिवशी देवीच्या गडाचा घाट चढायचा, हा आमचा थंडीतला मोठा बेत होता. ती संक्रांतीच्या आधी येऊन गेली. दारातच म्हणाली, "वहिनी, दादाचं तोंड उतरलंय हो. लय वाळलाय."

"वजन उतरलंय वन्सं, आठ किलो," मी म्हटलं. "तोंडावर दिसणारच की."

"वजनाचं नाय म्हणत मी," ती म्हणाली. मी तिला हाताला धरून कॅलेंडरपाशी नेलं आणि आकडे दाखवले. त्या दिवशीचे बेचाळीस होते. तिने आकड्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि पिशवीतून वालपापडी काढून निवडायला बसली. अडाणी म्हणून मी मनात तिला हसले. चेहरा उतरणं हेही उतरणंच असतं, पण ते मोजता येत नाही, म्हणून माझ्या गणितात ते बसलं नाही.

गडाच्या सरावासाठी एका रविवारी सिन्नरचा रस्ता धरला. मोहदरीचा घाट काही फार मोठा नाही. सुधाकर कारखान्याच्या बसने रोज तो चढतात-उतरतात, पेपर वाचता वाचता. त्या सकाळी चाळीस आले होते. निघताना पायरीवर बसून ते बुटाची नाडी बांधत होते, बराच वेळ बांधत होते. मी वर बघून म्हटलं, "आटपा ना." हे दोन शब्द मला मरेपर्यंत पुरतील.

घाटाच्या दुसऱ्या वळणावर त्यांनी पाय टेकवला. माझ्याकडे वळून "शैला, जरा..." एवढंच म्हणाले आणि सायकलीसकट आडवे झाले. आवाज फार लहान झाला. मागून येणाऱ्या शकीलभाईंनी आपली सायकल रस्त्यात टाकून दिली आणि त्या गेलेल्या गुडघ्यांनी धावत आले. सिन्नरहून नाशिकला जाणारी एक भाड्याची वडाप जीप थांबली. कोथिंबिरीच्या जुड्या घेऊन बसलेल्या बायका काही न विचारता उतरल्या, आम्हाला बाक मोकळा करून दिला. सुधाकरांचं डोकं माझ्या मांडीवर. डोळे अर्धे उघडे, ओठ राखेच्या रंगाचे. शकीलभाई पुढे ड्रायव्हरशेजारी.

नाशिकरोडला दवाखान्याचं पहिलं दार दिसलं तिथे म्हणाले, इथे सोय नाही, पुढे न्या. पुढे द्वारका. रविवार, त्यात लग्नाची तिथ. बस, रिक्षा, ट्रक, फुलांनी सजवलेल्या मोटारी, सगळ्यांची तोंडं चार दिशांना आणि कुणीच हलेना. मी काय केलं असेल? मनगटावर बोटं ठेवली. दुसरं काही येतच नव्हतं मला. अर्ध्या मिनिटात चौदा. एका ठोक्यानंतर दुसरा येईपर्यंत एवढी जागा, की त्या जागेत मी सगळे देव म्हणून घेतले. चौदा दुणे अठ्ठावीस. गणिताच्या बाईला दुणे करायला वेळ लागला. त्या सकाळपर्यंत हाच हात, हेच बोट, आणि आकडा कमी आला की आनंद. खरं सांगते, त्या जीपमध्ये एका क्षणी मनाला सवयीने वाटून गेलं, अरे वा, अठ्ठावीस. मग मला ओकारी आली.

ड्रायव्हरने मान न वळवता विचारलं, "बाई, हाय का जीव?"

"हाय," मी म्हटलं. त्याच्याच बोलीत म्हटलं, का ते कळत नाही. "हाय, पण लवकर."

तो खाली उतरला, जीप चालू ठेवून. शकीलभाईही उतरले, द्वारका त्यांचीच, रिक्षावाले त्यांना ओळखतात. दोघांनी ओरडून, हात जोडून, एका रिक्षाला तर मागून ढकलून वाट काढली. जीप निघाली तेव्हा शकीलभाई खालीच राहिले होते, रस्त्याच्या मधोमध, सायकलचं हेल्मेट अजून डोक्यावर.

दवाखान्यात छातीवर तारा लावल्या आणि पट्टी बाहेर आली. डॉक्टर माझ्या धाकट्या भावाच्या वयाचे, शांत. म्हणाले, हृदयाच्या वरच्या खणातून खालच्या खणाला निरोप जायची वाट बंद पडली आहे. खालचा खण आपल्या मनाने अधूनमधून ठोका देतो, तेवढ्यावर चाललंय. मग विचारलं, "ठोके कमी आहेत हे किती दिवसांपासून?"

मी फोन काढला. कॅलेंडरच्या पानाचे फोटो होते माझ्याकडे, गटावर टाकण्यासाठी काढलेले. चौसष्टपासून चाळीसपर्यंत, एकही दिवस न चुकता. डॉक्टरांनी ते बोटांनी मोठे करून पाहिले. मला इतकं व्यवस्थित लिहिलेलं बघून ते शाबासकी देतील की काय असं वाटलं, इतकी मी त्या वेळी वेडी झाले होते.

"चक्कर? दम?"

"झोप नीट होत नाही म्हणायचे."

"एवढं रोज लिहून ठेवलंत," ते म्हणाले, "मग दाखवलं का नाही?"

"आम्हाला वाटलं, तब्येत सुधारतेय."

त्यांनी फोन माझ्या हातात परत दिला. रागावले असते तर बरं झालं असतं.

त्याच दिवशी डाव्या खांद्याखाली, कातडीच्या आत, आगपेटीएवढं यंत्र बसवलं. आता साठच्या खाली ठोके जायचे नाहीत. गेले तर यंत्र स्वतः ठोका देणार. नातेवाईक आले, फोन आले. सगळ्यांचा एकच प्रश्न, उतार पडला का? पडला, मी म्हणायची. वणीहून नणंद आली, तिने मात्र तो प्रश्न विचारला नाही. दादाच्या अंगावरून हात फिरवला आणि मला म्हणाली, "वहिनी, तुम्ही जेवल्या का?" तिच्यासमोर मला मान वर करता आली नाही.

दीड महिन्याने डॉक्टर म्हणाले, हळूहळू सायकल चालवायला हरकत नाही. वर्ष होत आलं. सायकल जिन्याखाली जुन्या चादरीत गुंडाळलेली आहे. सुधाकर कामावर जातात, येतात, गॅलरीत बसतात. डावा हात डोक्यावर नेत नाहीत. "वायर हलेल," म्हणतात. दूध आणायला खाली उतरताना कठडा धरून पायऱ्या मोजतात. केसाएवढा फरक ओळखणारा माणूस आता स्वतःच्या शरीराला हात लावायला भितो. मी कधी गोडीने म्हणते, चला, कॉपरेटिव्हच्या कोपऱ्यापर्यंत जाऊन येऊ. कधी चिडून म्हणते, बसा मग जन्मभर. आणि ते खरंच उठले, जिन्याच्या दिशेने गेले, की मी मनात ओरडते, नको, नका जाऊ. ते बसून राहिले तर मी त्यांना असंच गमावणार, आणि निघाले तर त्या वळणावर पुन्हा गमावणार. या दोन्हींच्या मध्ये मी वर्षभर उभी आहे. कुणाला सांगू? शाळेत सगळे म्हणतात, बाई, नशीब तुमचं, वेळेवर कळलं.

टपरीवर मी एकदाच गेले, बसने. खुर्चीवर आता कुणी बसत नाही. टपरीवाला तिच्यावर पालथे ग्लास ठेवतो. ठोक्यांचं कुणी बोलत नाही. शकीलभाईंनी गुपचूप स्वतःची छाती तपासून घेतली आहे, बायकोला न सांगता. "सगळं ठीक निघालं भाभी," ते म्हणाले, "पण शरम वाटली. कासव कासव करत होतो मी." आणि हेल्मेटच्या पट्ट्याने डोळे पुसले.

कॅलेंडर यंदाचं कोरं आहे. गॅस कधी लावला तेवढं लिहिते. पेन्सिल मी दोऱ्यासकट कापून खणात टाकली. पण मोजणं सुटलं नाही. रोज पहाटे ते झोपेत असताना मनगट धरते. साठ. दुसऱ्या दिवशी साठ. त्यांना वाईट स्वप्न पडत असो की गाढ झोप असो, त्या वेळी साठच. आधी मला आकड्यातून ते कळायचे असं वाटायचं, ते चुकीचं निघालं. आता तर आकडा त्यांचा नाहीच, यंत्राचा. उत्तर आधीच छापलेलं आहे, तरी मी गणित सोडवत बसते. हात सोडला तर काहीतरी होईल, असं वाटतं.

आज पहाटे पेपरात म्हटल्याप्रमाणे खरंच गारठा होता. खिडकीच्या काचेला आतून पाणी सुटलेलं. मी नेहमीसारखी मोजत होते. त्रेपन्न, चोपन्न, पंचावन्न. तेवढ्यात सुधाकरांचा हात वळला आणि त्यांनी माझं मनगट धरलं. ते जागे होते.

"किती?"

"साठ."

"रोज तेच येणार," ते म्हणाले. "रोज मोजतेस, माहीत आहे मला." मग माझ्या मनगटावर तीन बोटं ठेवून त्यांनी घड्याळाकडे मान वळवली. त्या बोटांना किती महिन्यांत काही मापायला मिळालं नव्हतं. ओठ हलत होते. मी हात काढून घ्यायला लागले, तर त्यांनी सोडला नाही. एक मिनिट झालं. त्यांनी पुन्हा सुरुवात केली. एकदा मोजून विश्वास ठेवायचा नाही ही कारखान्याची सवय. दुसरं मिनिट झालं.

"अठ्ठ्याण्णव," ते म्हणाले. "पडल्या पडल्या अठ्ठ्याण्णव. शैला, हे किती दिवसांपासून?"

"काही नाही हो," मी म्हटलं. "झोप झाली नाही नीट."

बोलून गेले आणि दोघांनाही ते ऐकू आलं. खाली कुठेतरी सायकलची घंटी वाजून गेली. सुधाकर बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. चौकट धरून उभ्या असलेल्या त्यांच्याकडे मी कधी असं पाहिलं नव्हतं. मग ते उठले, शाल न घेताच. स्वयंपाकघरात खण ओढल्याचा आवाज आला, चमचे खडखडले, ते काहीतरी शोधत होते. मी उठायला हवं होतं, पण उठले नाही. इतक्या महिन्यांनी मला रडू आलं आणि मी ते येऊ दिलं.

उजाडल्यावर चहाला गेले तेव्हा कॅलेंडरवर आजच्या चौकटीत आकडा होता. त्यांच्या त्या तपासनिसाच्या ठसठशीत अक्षरात, दोनदा गिरवून. ९८. आणि खाली, चौकटीत मावेना म्हणून उद्याच्या चौकटीत गेलेला एकच शब्द: दाखवायचे.